डोळ्यांची जोडी का बिघडते?

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचा डावा डोळा नाकाकडे वळलेला. पोरे त्याला ‘चकण्या’ म्हणून चिडवीत. घरी मात्र त्याच डोळ्याचे कोण कौतुक! एकदा गुरुजींनी निरोप पाठवला की, याला तालुक्याला डॉक्टरांकडे न्या. तर त्याची आजी पदर खोचून शाळेत हजर. “तिरळा डोळा नशिबाचा असतोय, गुरुजी. त्याला हात लावू नगा. माजा नातू मोठा सायेब व्हनार बगा.” गुरुजी गप्प बसले. आम्हा पोरांनाही ते खरेच वाटले.

पुढे तो सैन्यभरतीला गेला. उंची भरली, छाती भरली, धावण्यात पहिला आला. मग डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. त्याला सगळ्यांत वरचे मोठे अक्षरसुद्धा लागले नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याला प्रथमच कळले की, आपण आजवर एकाच डोळ्याने पाहत आलो. त्या डोळ्यात फूल नव्हते, मोतीबिंदू नव्हता. तो कधी दुखला नव्हता. डोळा धड होता आणि दिसत मात्र नव्हते. असे कसे झाले?

श्रोतेहो, आजचे हे भाषण त्या ‘असे कसे’विषयी आहे. मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. पण पाहणे हे जितके डोळ्याचे काम तितकेच मेंदूचे, आणि तेवढ्यापुरता हा प्रश्न आमच्याही विषयात येतो.

आधी डोळा हलतो कसा ते पाहू. डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा एक गोळा, खोबणीत बसवलेला. त्याला ओढणारे स्नायू सहा. चार सरळ: एक वर नेणारा, एक खाली, एक नाकाकडे आणि एक कानाकडे. उरलेले दोन तिरपे. त्या तिरप्यांपैकी वरच्याची गंमत अशी की, तो सरळ येऊन डोळ्याला मिळत नाही. नाकाच्या वरच्या अंगाला कुर्चेची एक इवलीशी कडी आहे, तिच्यातून वळसा घेऊन तो परत मागे येतो. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना चाकावरून गेलेला नाडा आठवेल. अगदी तसेच. या सहा स्नायूंना मेंदूचा हुकूम पोचवणारे मज्जातंतू तीन. एकाकडे चार स्नायू आणि शिवाय पापणी उचलण्याचे काम, दुसऱ्याकडे फक्त तो मोटेच्या नाड्यासारखा स्नायू, आणि तिसऱ्याकडे फक्त कानाकडे ओढणारा.

पण एक डोळा हलवणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. गोम आहे ती जोडी चालवण्यात. बैलजोडी हाकणाऱ्याला हे सांगावयास नको. उजवीकडे वळायचे तर एका अंगाचा कासरा ओढायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाचा सैल सोडायचा. दोन्ही ओढले तर बैल जागीच अडतो. डोळ्याचे स्नायूही असेच वागतात, एक आखडला की समोरचा ढिला पडतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवले. आणि जर्मनीचे एवाल्ड हेरिंग यांनी १८६८ मध्ये मांडले की, मेंदू दोन डोळ्यांना वेगवेगळे हुकूम देतच नाही; दोघांना एकच हुकूम, सारख्याच जोराचा जातो. म्हणून निरोगी माणसाला एकाच वेळी डावा डोळा डावीकडे आणि उजवा उजवीकडे नेता येत नाही, कितीही जोर लावला तरी.

हा खटाटोप कशासाठी? तर दोन चित्रांचे एक चित्र व्हावे म्हणून. दोन डोळ्यांत दोन-अडीच इंचांचे अंतर असल्यामुळे दोघांची चित्रे किंचित वेगळी असतात. मेंदू ती जुळवतो आणि त्या किंचित फरकावरून वस्तू किती लांब आहे ते ताडतो. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहा, म्हणजे फरक कळेल.

आता एक प्रयोग करा. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा, आणि बोटाकडे न पाहता पलीकडच्या भिंतीकडे पाहा. बोटे दोन दिसतील. मोठ्या माणसाचा डोळा आजाराने एकाएकी वळला तर त्याला जिकडे तिकडे असेच दिसू लागते. रस्त्यावर दोन गाड्या, जिन्याला दोन कठडे. तो बिचारा घाबरून त्याच दिवशी दवाखाना गाठतो.

लहान मुलाचे तसे होत नाही. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दोन दिसतच नाहीत. त्याचा मेंदू अजून घडत असतो. दोन चित्रांचा मेळ बसेना असे झाले की, तो वळलेल्या डोळ्याकडून येणारे चित्र सरळ वगळू लागतो. वहिवाट मोडली की पायवाटेवर गवत उगवते, तशी त्या डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट हळूहळू मोडत जाते. याला डॉक्टर ‘अ‍ॅम्ब्लिओपिया’ म्हणतात. बोलण्यात ‘आळशी डोळा’ असे नाव पडले आहे. मला ते नाव पसंत नाही. आळस डोळ्याने केलेला नसतो. त्याला कामच मिळालेले नसते. तिरळेपणा शंभर मुलांत साधारण दोघांना असतो. त्यांतल्या सर्वांचीच नजर जाते असे नाही. काही मुले कधी या डोळ्याने तर कधी त्या डोळ्याने पाहतात, त्यांचे दोन्ही डोळे शाबूत राहतात. पण ज्याचा नेहमी एकच डोळा वळलेला, त्याला धोका खरा. आणखी एक गोष्ट गुरुजनांनी ध्यानात ठेवावी. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला तर डोळा मुळीच न वळताही हीच दशा होते. तेथे तर बाहेरून काहीच दिसत नाही.

या दोषाचे मूळ कोठे आहे, हे माणसाला कळायला फार काळ लागला. ती हकिगत मोठी मनोरंजक आहे.

फ्रान्सचे निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी १७४३ मध्ये तिरळेपणावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, दोन डोळ्यांची शक्ती असमान असते म्हणून दुबळा डोळा बाजूला होतो. तेव्हा चांगला डोळा काही काळ झाकून दुबळ्याला कामाला लावावे. पट्टीचा जो उपचार आजही चालू आहे, त्याची मांडणी ही अशी पावणेतीनशे वर्षांपूर्वीची. पण लोकांची गर्दी होती ती दुसऱ्याच दारी. त्याच सुमारास इंग्लंडचा जॉन टेलर नावाचा एक फिरस्ता डोळेवैद्य युरोपभर घोडागाडीतून हिंडे. तिरळ्या डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाला तो नावापुरता छेद देई आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधी. आता चांगला डोळा झाकला की वळलेला डोळा समोर पाहण्यासाठी आपोआप सरळ होतोच! लोक टाळ्या वाजवीत, टेलर पैसे घेई, आणि पट्टी सुटण्याच्या आत गाव सोडी. याच गृहस्थाने १७५० मध्ये जर्मनीचा थोर संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. बाख त्याच वर्षी वारला. ब्युफाँने ज्या पट्टीला उपचार म्हटले, तिचाच या माणसाने जादूचा खेळ केला. डोळ्याच्या बाबतीत बाजारी वैद्याची चलती किती जुनी आहे ते यावरून दिसेल.

नंतर पाळी आली स्नायूंची. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनचे शल्यवैद्य डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका मुलाचा नाकाकडे ओढणारा स्नायू कापला आणि डोळा सरळ झाला. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. ईथरचा तो प्रसिद्ध जाहीर प्रयोग व्हायला अजून सात वर्षे अवकाश होता. त्या मुलाचे काय झाले असेल याची कल्पनाच करावी. पण बातमी पसरली आणि युरोपभर स्नायू कापण्याची एकच लाट आली. थोड्याच वर्षांत तिचे फळ दिसू लागले. कापून मोकळा सोडलेला स्नायू मागे सरके, त्याची ओढ जाई, आणि आत वळलेला डोळा आता बाहेर वळू लागे. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मग प्रश्न पडला की, स्नायू खरोखर आखडलेलाच असतो काय? हॉलंडमधल्या उत्रेख्त येथील प्राध्यापक डोंडर्स यांनी १८६४ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सगळी दिशाच बदलली. त्यांनी दाखवले की, आत वळणाऱ्या डोळ्यांपैकी पुष्कळांत स्नायू निर्दोष असतात, दोष असतो नंबराचा. जवळची वस्तू पाहताना आपण दोन गोष्टी एकदम करतो. डोळ्यातले भिंग फुगवून नजर जुळवतो आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवतो. या दोन क्रिया जन्मतःच एकमेकींना बांधलेल्या आहेत. ज्या मुलाचा चष्मा अधिकचा, म्हणजे प्लस नंबराचा असावयास हवा, त्याला दूरचे पाहायलासुद्धा भिंगावर जोर लावावा लागतो, जवळचे पाहायला तर दुप्पट. आणि जोर लावला की डोळे आत ओढले जातात. हा डोळा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वळू लागतो, कारण तेव्हा मूल जवळच्या लहान लहान वस्तू निरखू लागते. घरची मंडळी सांगतात, “गोवर आला, ताप आला, तेव्हापासून डोळा फिरला.” ताप हे निमित्त. तोवर मूल कसेबसे तोल सांभाळत असते, अंगातले त्राण गेले की तोल सुटतो. अशा मुलाला योग्य चष्मा लावला की कित्येकदा डोळा चष्म्यापुरता सरळ होतो. चाकू नाही, औषध नाही. नुसते काचेचे दोन तुकडे.

येथे फ्रान्सच्या एमिल जाव्हाल यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. हे मूळचे खाणींचे इंजिनिअर. वडिलांचा आणि बहिणीचा डोळा तिरळा. त्या कळकळीने ते वैद्यक शिकले. शस्त्रक्रियेवर त्यांचा भरवसा नव्हता. पट्टी, चष्मा आणि दोन चित्रे एक करून पाहण्याच्या कसरती यांवर त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे काचबिंदूने त्यांचेच दोन्ही डोळे गेले. तरी ते थांबले नाहीत. अंध माणसाने कसे जगावे यावर त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले.

आता माझ्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. डोळा धड, मग दिसत का नव्हते? याचे उत्तर मिळाले अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मांजरीच्या पिल्लांवर केलेले होते. त्यांनी पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी जन्मानंतर लवकरच शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा आतून जसाच्या तसा. पण मेंदूतल्या पेशींना बारीक तार लावून पाहिले, तर त्या डोळ्याच्या हाकेला जवळजवळ कोणीच ओ देईना. सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. हेच मोठ्या मांजराच्या बाबतीत केले तर काहीच बिघडले नाही. पुढे १९६५ मध्ये त्यांनी डोळा न झाकता नुसता एक स्नायू कापून पिल्लांना तिरळे केले. तेव्हा असे दिसले की, दोन्ही डोळ्यांचे ऐकणाऱ्या पेशीच फार थोड्या उरल्या. काही या डोळ्याच्या, काही त्या डोळ्याच्या. घर एक आणि चुली दोन. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग कठोर होते हे खरे, पण त्यांनी एक गोष्ट कायमची पटवून दिली. मेंदूला पाहायला शिकण्याचा एक हंगाम असतो. पेरणीचा वाफसा निघून गेला की मग कितीही चांगले बी टाका. “पोरगं मोठं झाल्यावर बघू” हे म्हणणे म्हणूनच महागात पडते.

तरीही हा हंगाम नेमका कधी संपतो, याविषयी पूर्वी जरा फारच कडक भाषा होती. सात-आठ वर्षांनंतर उपयोग नाही, असे आईबापांना सरसकट सांगत. अमेरिकेत बालनेत्ररोगांच्या डॉक्टरांनी अनेक दवाखाने मिळून केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी, चष्म्याबरोबर पट्टी वगैरे उपचार मिळालेल्या ५३ टक्क्यांची नजर सुधारली; नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्यांत २५ टक्क्यांची. आधी कधीच उपचार न झालेल्या काही मोठ्या मुलांनाही गुण आला. म्हणून माझे म्हणणे असे की, लहानपणी नेणे उत्तम, पण दहा वर्षांचा मुलगा समोर आला तर “आता काय उपयोग” म्हणून त्याला परत पाठवू नका.

पट्टीचेही असेच. पूर्वी दिवसच्या दिवस डोळा बांधून ठेवीत; मूल रडून आकांत करी. त्याच अमेरिकी मंडळींनी २००३ मध्ये दाखवले की, सात वर्षांच्या आतील मुलांची नजर मध्यम प्रमाणात मंद असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण देते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी असेही दाखवले होते की, पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीनचा थेंब टाकून त्याची जवळची नजर अंधूक केली तरी सहा महिन्यांत जवळजवळ तोच परिणाम होतो. (आपल्या धोत्र्यात याच जातीची विषारी द्रव्ये असतात. म्हणून कोणी धोत्र्याचा रस डोळ्यात घालावयाचा नाही, हे मुद्दाम सांगतो.) किती तास, किती थेंब हे डॉक्टरांनीच ठरवायचे, पट्टीचा अतिरेक झाला तर चांगला डोळा मंद होऊ शकतो. इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी पट्टीतच वेळ मोजणारे साधन बसवून पाहिले. सांगितलेल्या तासांपैकी निम्म्याच्या आसपास तासच मुलांनी पट्टी लावली होती. यात नवल ते काय? पट्टी लावून वर्गात बसलेल्या पोराला पहिल्याच दिवशी नाव पडते. ते नाव पडू न देणे हे डॉक्टरांच्या हातात नाही, गुरुजींच्या आणि बाईंच्या हातात आहे.

शस्त्रक्रियेविषयी खेड्यात एक भीती आहे. “डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात म्हणे!” तसे काही नसते. डोळा आपल्या जागीच असतो. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या काठापासून साडेपाच मिलिमीटर मागे डोळ्याला चिकटलेला असतो; तो सोडवून काही मिलिमीटर मागे शिवला की त्याची ओढ कमी होते. किंवा समोरचा थोडा कापून आखूड केला की त्याची ओढ वाढते. जोताची गाठ मागेपुढे करण्यातलाच हा प्रकार. मात्र शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, मंद झालेली नजर परत येत नाही. त्यासाठी चष्मा-पट्टी वेगळी करावीच लागते. आईबाप बहुधा येथेच फसतात. डोळा सरळ दिसू लागला की पट्टी खुंटीला.

चाकूला पर्याय शोधताना सान फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी तर विषच वापरले. सडक्या डबाबंद अन्नातून होणाऱ्या एका भयंकर विषबाधेत स्नायू लुळे पडतात. त्या विषाचा अतिसूक्ष्म अंश ओढाळ स्नायूत टोचला तर? माकडांवरचे प्रयोग त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, माणसांवरचे १९८० मध्ये, आणि १९८९ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने त्याला मान्यता दिली. आज शहरांत सुरकुत्या घालवायला जे ‘बोटॉक्स’ टोचून घेतात, ते मूळचे हे तिरळ्या डोळ्याचे औषध.

काही डोळ्यांचे मूळ मात्र आणखी खोल असते. एका जन्मजात प्रकारात डोळा कानाकडे जातच नाही, आणि नाकाकडे गेला की खोबणीत आत ओढला जातो. अमेरिकेच्या अलेक्झांडर ड्यूएन यांनी १९०५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. स्नायूच जून चामड्यासारखा झाला असेल असे पुष्कळांना वाटे. पण १९८० च्या सुमारास मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा कळले की कानाकडे नेणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू जन्मापासून नव्हताच. शेजारच्या तंतूची फांदी भलत्याच स्नायूत शिरली होती. काही घराण्यांत यामागे असलेला एक जनुक २००८ मध्ये सापडला. अशा मुलाला “डोळ्यांचे व्यायाम कर” म्हणून छळण्यात अर्थ नाही. खरे तर बहुतेक तिरळेपणात नुसत्या व्यायामाने काही साधत नाही. वाचताना ज्यांचे डोळे जवळ आणले जात नाहीत, अशा थोड्या लोकांनाच त्याचा चांगला उपयोग होतो.

आता शिक्षकांशी थोडे वेगळे बोलावयाचे आहे. काही मुलांचे डोळे जन्मापासून डावी-उजवीकडे सारखे हलत असतात, झोपाळ्यासारखे. गंमत अशी की, त्या मुलाला जग हलताना दिसत नाही. मेंदूने ते अंगवळणी पाडलेले असते. पण अक्षर मात्र नीट स्थिर होत नाही. अशा पुष्कळ मुलांना एक जागा सापडते. मान अमुक बाजूला वळवून डोळे कडेला नेले की हेलकावे कमी होतात आणि फळा स्पष्ट दिसतो. म्हणून मूल मान वाकडी करून बसते. आणि आपण काय करतो? “मान सरळ कर, नीट बस!” मी स्वतः एका वर्गात हे ऐकले आहे. त्या मुलाने मान सरळ केली, आणि त्याला फळा दिसेनासा झाला. त्याने तासभर काहीही लिहून घेतले नाही, आणि त्याबद्दल पुन्हा बोलणी खाल्ली. मोटेच्या नाड्यासारखा तो तिरपा स्नायू दुबळा असलेली मुलेही अशीच मान एका खांद्याकडे कलवतात, दोन दिसू नये म्हणून. त्यांचा दोष मानेत नाही. पण मान चोळून घेत फिरवलेली मुले मी पाहिली आहेत. वाकडी मान ही खोड समजण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्या. १९५३ मध्ये केस्टेनबाउम आणि ऑस्ट्रेलियातले अँडरसन या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलेल्या शस्त्रक्रियेत स्नायू सरकवून ती स्थिर जागा कडेहून समोर आणता येते, म्हणजे मान आपसूक सरळ होते. हेलकाव्यांमागचा एक जनुक २००६ मध्ये सापडला. त्यामुळे हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक का, याचा उलगडा झाला. पण हेलकावे पुरते थांबवणारे औषध अजून हाती नाही. तोवर अशा मुलाला पुढच्या बाकावर, त्याची मान जिकडे वळते ती ध्यानात घेऊन बसवणे, एवढे तर होईल.

मोठ्यांविषयी दोनच गोष्टी. प्रौढ माणसाला एकाएकी दोन दिसू लागले तर ते चष्म्याचे काम समजू नये. त्यामागे मधुमेह, रक्तदाब, मेंदूतली गाठ किंवा रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोके असह्य दुखू लागले तर तासांचा हिशेब असतो. दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या घरातली. मण्यार रात्री अंथरुणात चावते. दंश बहुधा दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, दोन दिसू लागते. झोप येते आहे असे समजून त्या माणसाला झोपू देऊ नका. डोळ्यांचे स्नायू लुळे पडू लागल्याची ती खूण आहे, यानंतर पाळी श्वासाची. मांत्रिक नको, सर्पविषावरची लस जेथे असेल तो दवाखाना गाठा.

मुलांच्या तपासणीची सोय हल्ली पुष्कळ जवळ आली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, आणि सापडलेल्या दोषावर पुढचा उपचार मोफत होतो. पण पथक एका दिवसात शेकडो मुले पाहते. गुरुजी त्याच मुलांना रोज पाहतात.

म्हणून घरी किंवा वर्गात करण्याजोगे थोडे सांगतो. तान्ह्या मुलाचे डोळे पहिले तीन-चार महिने मधूनमधून भरकटतात, त्याला घाबरू नये. पण त्यानंतरही डोळा वळतच असेल तर दाखवावे. काही बाळांचे नाक बसके आणि रुंद असल्यामुळे डोळे उगाच तिरळे भासतात. खरे-खोटे पाहण्याची युक्ती बर्लिनचे हिर्शबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात मेणबत्तीने दाखवली. आज विजेरी चालेल. हातभर अंतरावरून उजेड दाखवा. त्याचा चमकता ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच जागी पडला तर डोळे बहुधा सरळ आहेत, एकात बाजूला पडला तर डोळा वळलेला. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली तर मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. तो मोतीबिंदू असू शकतो, आणि क्वचित डोळ्याच्या आतला कर्करोगही. तो जितका लवकर सापडेल तितका जीव वाचण्याचा आणि डोळा राखण्याचा संभव अधिक.

बोलू न शकणाऱ्या लहान मुलाचा एक डोळा हळूच झाका. काही झाले नाही तर दुसरा झाका. एक झाकल्यावर मूल खेळत राहते आणि दुसरा झाकल्यावर हात झटकून रडते, तर ज्या डोळ्याचा त्याला इतका आधार वाटतो तोच एकटा काम करतो आहे असे समजा. शाळेतल्या मुलाला वीस फुटांवरून तक्ता वाचायला लावा, एका वेळी एकाच डोळ्याने. झाकायला त्याचा स्वतःचा हात नको. बोटांच्या फटीतून पाहण्यात मुले फार पटाईत असतात, आणि ज्याचा डोळा मंद आहे तो तर हमखास पाहतो. पुठ्ठा तुम्ही धरा, आणि डाव्या-उजव्या डोळ्यांची नोंद वेगवेगळी ठेवा.